घरचा कॉम्प्युटर कामाचा की खेळाचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत गावभागात राहते. मार्केट यार्डातल्या काही हळद-बेदाण्याच्या अडत्यांचे हिशोब आणि जीएसटीची रिटर्नं घरी बसून करते. घरात डेस्कटॉप एकच आणि त्यावर हक्क सांगणारे चौघं: मी, नवरा, नववीतला मुलगा आणि सासरे. टॅली (हिशोब ठेवायचा प्रोग्राम) शिकायला येणाऱ्या मुली, गल्लीतल्या मैत्रिणी, दुकानातले दिवाणजी फिरून फिरून जे प्रश्न विचारतात, ते आणि त्यांची माझी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

एकच कॉम्प्युटर कामाला आणि खेळायला दोन्हीकडे वापरला तर चालतो का?

चालतो. आमच्याकडे कित्येक वर्षं तसाच चालू आहे. गेम खेळल्यामुळे मशीन झिजतं किंवा टॅली हळू चालते असं काही नाही. गेम बंद केला की त्याने घेतलेली रॅम, म्हणजे चालू कामापुरती लागणारी मेमरी, मोकळी होते. त्रास होतो तो सरमिसळीमुळे. मुलगा माझ्याच अकाउंटमधून खेळतो, गेम माझ्याच फोल्डरशेजारी उतरवतो आणि रिटर्नच्या दिवशीच त्याला खेळायचं असतं, इथे घरोघरी गाडी अडते. या पानावरची निम्मी उत्तरं ही सरमिसळ सोडवण्याबद्दलच आहेत.

पण कॉम्प्युटर मुळात कामासाठीच ना? खेळ नंतर आले ना?

दोन्ही जवळजवळ हातात हात घालूनच आले. १९६२ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या तरुणांनी पीडीपी-१ नावाच्या मोठ्या यंत्रावर ‘स्पेसवॉर’ हा अंतराळयुद्धाचा गेम लिहिला. त्या काळी घरात कॉम्प्युटर असणं कुणाच्या कल्पनेतही नव्हतं. पुढे घरगुती कॉम्प्युटर आले तेव्हा बऱ्याच जणांना ते छंदाचं खेळणंच वाटायचं. १९७९ मध्ये ॲपल-२ वर ‘व्हिसिकॅल्क’ आलं. आजच्या एक्सेलची ती आजीच म्हणा. एक आकडा बदलला की खालची बेरीज आपोआप बदलते हे पाहून हिशोबनीस मंडळींनी केवळ त्या एका प्रोग्रामसाठी मशीन विकत घेतली. हिशोबाचं काम करणारी म्हणून मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

उलटही झालं. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर पत्त्यांचा सॉलिटेअर आला. लोकांच्या हातात माऊस नवा होता, आणि पत्ता उचलून दुसऱ्या रांगेत नेऊन ठेवता ठेवता त्यांना ‘ड्रॅग’ करणं जमायला लागलं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायकांना मी आजही पहिले दोन दिवस पत्तेच खेळायला देते. माऊस धरलेली बोटं घट्ट आवळलेली असतात, ती तिसऱ्या दिवशी सैल होतात. मग व्हाउचर, म्हणजे टॅलीतली एकेका व्यवहाराची नोंद.

वेगळं अकाउंट म्हणजे काय? ते केल्याने नेमकं काय होतं?

विंडोजमध्ये घरातल्या प्रत्येकाची वेगळी खोली करता येते. सेटिंग्ज उघडा, अकाउंट्समध्ये जा, तिथे ‘फॅमिली’ किंवा ‘अदर यूजर्स’मधून नवीन माणूस जोडा. मुलाचं अकाउंट ‘स्टँडर्ड’ ठेवा आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटर’चा पासवर्ड फक्त तुमच्याकडे असू द्या.

स्टँडर्ड अकाउंटमधून अख्ख्या मशीनवर परिणाम करणारा प्रोग्राम टाकायचा झाला की विंडोज तुमचा पासवर्ड मागतं. मुलगा हाक मारतो, तुम्ही येऊन बघता काय टाकतोय. ही एक हाक फार कामाची असते. ब्राउजरमध्ये साठवलेले तुमचे पासवर्ड, बँकेचं उघडं राहिलेलं पान, जीएसटी पोर्टलचं लॉगिन यातलं काहीही त्याच्या अकाउंटमध्ये येत नाही.

एक गोष्ट मात्र बहुतेकांना कुणी सांगतच नाही. अकाउंट वेगळं केलं तरी डी ड्राइव्ह सहसा सगळ्यांना उघडा असतो, आणि आपल्याकडे टॅलीचा डेटा हमखास डी ड्राइव्हवरच टाकलेला असतो. म्हणजे खोल्या वेगळ्या केल्या, पण तिजोरी अंगणातच राहिली. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘सिक्युरिटी’ बघा आणि तिथून इतर अकाउंटची परवानगी काढा. जमलं नाही तर डेटा तुमच्या अकाउंटच्या डॉक्युमेंट्समध्ये हलवा आणि टॅलीत डेटाचा नवा पत्ता द्या. दुरुस्तीवाला घरी येईल तेव्हा त्याच्याकडून समोर बसून करून घेतलंत तरी उत्तम.

गेम फुकट उतरवला तर काय बिघडतं? सगळेच उतरवतात.

हा प्रश्न मला कुणी विचारला की पोटात अजून गोळा येतो.

मुलगा सहावीत होता. मित्राने त्याला एका गेमची ‘क्रॅक’ केलेली, म्हणजे पैसे न भरता चालावी म्हणून कुलूप तोडलेली, फाइल कुठे मिळते ते सांगितलं. तेव्हा आमच्या घरात एकच अकाउंट होतं, माझं. फाइल उघडताना अँटीव्हायरस मध्ये येतो, तो बंद करा, असं त्या साइटवर लिहिलेलं होतं. त्याने बंद केला. तारीख १७. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बसले आणि टॅली उघडली, तर कंपन्यांची यादीच रिकामी. फोल्डरमध्ये बघितलं तर प्रत्येक फाइलच्या नावामागे कसलीतरी अक्षरांची शेपटी लागलेली. खरेदी, विक्री, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या), मुलाच्या बारशाचे फोटोसुद्धा. डेस्कटॉपवर एक नोटपॅडची फाइल होती, तिच्यात डॉलरमध्ये पैसे मागितले होते.

मी इंटरनेटची वायर उपटली आणि तिथेच खाली बसले. पैसे भरले नाहीत. भरल्यावर फाइली परत मिळतीलच याची हमी कुणी देत नाही. माझ्याकडे दहा दिवसांपूर्वीचा बॅकअप एका पेनड्राइव्हवर होता. मशीन पूर्ण कोरं करून विंडोज नव्याने टाकलं आणि मधल्या दहा दिवसांची सगळी व्हाउचर परत भरली. पट्ट्यांच्या कार्बन कॉप्या दुकानांतून आणल्या. वजन, दर, अडत, हमाली, तोलाई असा एकेक आकडा मुलगा मोठ्याने वाचत होता आणि मी टाइप करत होते. दोन रात्री. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला तो वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, “आई, एवढं सगळं यात असतं?” त्याला मी कधी दाखवलंच नव्हतं.

रिटर्न २० तारखेला रात्री गेलं. फोटो गेले ते गेलेच.

तर बिघडतं ते हे. क्रॅक केलेली फाइल उघडायची म्हणजे अँटीव्हायरस आपल्याच हाताने बंद करायचा आणि अनोळखी माणसाच्या प्रोग्रामला घराची किल्ली द्यायची. तसला प्रोग्राम ज्या अकाउंटमधून चालतो, त्या अकाउंटला जिथे लिहिता येतं तिथपर्यंत त्याचे हात पोचतात. म्हणूनच वरच्या उत्तरात मी स्टँडर्ड अकाउंट आणि फोल्डरची परवानगी यांवर एवढा जोर दिला. खरोखर मोफत असलेले चांगले गेम अधिकृत स्टोअरवर भरपूर आहेत, आणि सेलमध्ये जुने गेम अगदी कमी पैशांत मिळतात. मुलाच्या वाढदिवसाला आता आम्ही तेच देतो.

बॅकअप कुठे आणि किती ठेवायचे?

तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. हा जगभर सांगितला जाणारा नियम आहे, पण ‘घराबाहेर’ या शब्दाचा अर्थ सांगलीकरांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आम्ही कॅबिनेट माळ्यावर चढवलं, मॉनिटर आणि यूपीएस खालीच राहिले. पेनड्राइव्ह विश्रामबागेत मावशीच्या कपाटात होता, त्यामुळे पाणी चढताना कामाची तरी काळजी नव्हती. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा मी आधीच सगळं वर नेऊन ठेवलं होतं.

टॅलीत ऑल्ट आणि वाय दाबलं की ‘डेटा’ उघडतो, त्यात बॅकअप आहे. मी रोज संध्याकाळी एक प्रत पेनड्राइव्हवर घेते आणि लगेच तो काढून ठेवते. लावून ठेवलेला पेनड्राइव्ह हा बॅकअप नव्हे, व्हायरस त्याच्यावरही लिहितो. आठवड्यातून एक प्रत गूगल ड्राइव्हवर जाते. मावशीकडचा पेनड्राइव्ह महिन्यातून एकदा बदलते. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा बॅकअप उघडूनही बघा.

पुरात भिजलेलं मशीन चालू होतंय का हे बघण्यासाठी बटण दाबू नका. गाळ आत असताना मशीनमध्ये वीज शिरली की उरलंसुरलं जळतं. हार्ड डिस्क काढून जाणकाराकडे द्या.

मुलगा कामाच्या वेळेलाच मागतो. वेळ कशी वाटायची?

“दिवसाला एक तास” हा नियम आमच्याकडे टिकला नाही, कारण माझं काम रोज सारखं नसतं. जीएसटीआर-१ (विक्रीच्या तपशिलाचं रिटर्न) ची तारीख ११, ३बी (कर भरायचं रिटर्न) ची २०. फेब्रुवारीपासून नवी हळद यार्डात येऊ लागली, सौदे जोरात सुरू झाले की माझी बैठक दुप्पट होते. म्हणून आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिन्याच्या पहिल्याच दिवशी खुणा करतो. ९ ते ११ आणि १८ ते २० लाल पेनाने. त्या दिवसांत गेम नाही, आणि याबद्दल वाद नाही. त्याच्या बदल्यात २० नंतरच्या रविवारी मशीन त्याचं. त्या दिवशी मी “जरा एकच ई-मेल बघू दे” असं म्हणायला जात नाही. आपण आपला शब्द पाळला की तो लाल तारखा पाळतो.

त्याच्या परीक्षेच्या तारखासुद्धा त्याच कॅलेंडरवर असतात.

वेळेवर आपोआप बंद होणं हवं असेल तर विंडोजच्या ‘फॅमिली सेफ्टी’मध्ये मुलाच्या अकाउंटला तास ठरवून देता येतात. लहान मुलांसाठी ते बरं पडतं. मोठ्या मुलांशी बोलणं झालेलं नसेल तर ती मित्राच्या घरी जाऊन खेळतात.

किती खेळणं म्हणजे जास्त?

केवळ तास मोजून हे कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या नव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद केली आहे, आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिथे तीन गोष्टी बघायला सांगितल्या आहेत: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं थांबत नाही किंवा वाढतच जातं. साधारण वर्षभर असं चाललं तर तो आजार म्हणायचा. सुट्टीत दोन दिवस सलग खेळलेला मुलगा त्यात बसत नाही. जेवण, झोप, शाळा आणि मित्र सुटत चालले असतील तर मात्र डॉक्टरांकडे जा, शेजारणीचे सल्ले ऐकत बसू नका.

डोळ्यांचं म्हणाल तर ते काम आणि खेळ असा भेद करत नाहीत. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या कशाकडे तरी २० सेकंद बघा. मी खिडकीतून समोरच्या वाड्याच्या कौलांकडे बघते.

घरबसल्या गेम खेळून पैसे मिळतात म्हणे. मग ते काम झालं ना?

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये तो संसदेत मंजूर झाला. रमी असो की आणखी काही, कौशल्याचा खेळ की नशिबाचा हा भेद त्यात ठेवलेला नाही. ई-स्पोर्ट्स (गेमच्या स्पर्धा) आणि साधे करमणुकीचे गेम यांना त्यात मोकळीक आहे. तरीही टेलिग्रामवरून, व्हॉट्सॲपवरून लिंका येतच असतात. सुरुवातीला दोनशे रुपये खात्यात येतात आणि मग तुमचेच जायला लागतात. खात्यातून पैसे गेलेच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त. ज्या मशीनवर गिऱ्हाइकांच्या बँकेची स्टेटमेंट आहेत, त्या मशीनवर तर असली लिंक उघडूच नका.

नवीन घ्यायचाय. कामाचा घेऊ की गेमिंगचा?

हिशोब, टायपिंग, ऑनलाइन अर्ज, सातबारा काढणं, मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेलं साधं मशीन पुरतं. १६ जीबी घेतलीत तर पुढची काही वर्षं बघायला नको. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. जुनं मशीन रखडत असेल तर नवीन घेण्याआधी त्यात एसएसडी टाकून बघा. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असते आणि सुई हलवून माहिती शोधावी लागते. एसएसडीत हलणारं काहीच नाही. माझं मशीन सुरू होईपर्यंत पूर्वी दूध तापायचं, आता पासवर्ड टाकायला धावावं लागतं.

मोठे गेम हवे असतील तर ग्राफिक्स कार्ड, दमदार पॉवर सप्लाय आणि जागा लागते. आजचे काही गेम एकटेच १०० जीबीच्या पुढे जागा खातात. हा खर्च फक्त खेळासाठी करावा असं मला वाटत नाही. पण घरात कुणी लग्नाचे व्हिडिओ एडिट करत असेल, किंवा इंजिनीअरिंगला असून थ्रीडी ड्रॉइंग करत असेल, तर तेच कार्ड त्या कामालाही उपयोगी पडतं. अशा घरात गेमिंगचा कॉम्प्युटर हाच कामाचा कॉम्प्युटर होतो.

आमच्याकडे विंडोज १० आहे. चालेल का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. घरगुती वापरासाठी जादा सुरक्षा-अपडेट घेण्याची सोय एका वर्षासाठी दिली गेली, पण ती नोंदणी करून घ्यावी लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे जुनी बरीच मशीन त्यात बसत नाहीत. अशा मशीनवर बँकेचं आणि रिटर्नचं काम ठेवू नका. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून ते मुलांना अभ्यासाला आणि छोट्या खेळांना देता येतं. टॅली मात्र लिनक्सवर सरळ चालत नाही.

विजेचा खर्च किती येतो? यूपीएस लागतो का?

साधं मशीन आणि मॉनिटर मिळून ७०-८० वॅट धरा. दहा तास चाललं तरी एका युनिटच्या आत. ग्राफिक्स कार्डवाला जोरात खेळताना ४०० वॅटपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे अडीच तासांत एक युनिट.

यूपीएस घ्याच. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट झेपवतो. हिशोबाचं मशीन त्यावर फाइल सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ सहज तग धरतं. त्याच यूपीएसवर मोठा गेम चालू असताना लाइट गेली की तो किंचाळतो आणि लगेच मान टाकतो. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठीमागे किंवा पुढे ‘यूपीएस मोड’चं बटण आहे का बघा; त्या मोडवर लाइट गेल्यावर तो मशीन बंद पडायच्या आत बॅटरीवर जातो.

जुन्या वाड्यात राहणाऱ्यांना आणखी एक सांगणं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. आमच्याकडे तीन पिनांचं सॉकेट होतं, पण वरच्या मोठ्या भोकाला वायरच जोडलेली नव्हती. वायरमन बोलावून आधी ते करून घ्या.

घरातल्या ज्येष्ठांनाही कॉम्प्युटर लागतो. त्यांचं काय?

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथेच नाटक उभं केलं, त्यामुळे सांगलीच्या घराघरात कुणीतरी नाट्यसंगीताचं वेडं असतंच. आमच्याकडे सासरे. दुपारी दोन ते चार कॉम्प्युटर त्यांचा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या रेकॉर्ड यूट्यूबवर लावतात, आणि मिरजेला लहानपणी काय काय ऐकलं ते सांगतात. त्यांच्या अकाउंटमध्ये मी अक्षरं मोठी केली आहेत आणि डेस्कटॉपवर दोनच चित्रं ठेवली आहेत. त्या दोन तासांत मी पट्ट्या तारखेप्रमाणे लावून घेते. ते काम तसंही कागदावरचंच आहे.

कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर सुट्टीत गेम खेळला तर?

नाही. ते मशीन तुमचं नाही, आणि त्यावर काय चालतं ते कंपनीला दिसू शकतं. मुलालाही हातात देऊ नका.

कॉम्प्युटरचा खर्च धंद्याच्या हिशोबात धरता येतो का?

धरता येतो, पण कामाला वापरता तेवढाच. प्राप्तिकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा (वापराने घटलेल्या किमतीची वजावट) मिळतो; घेतला त्या वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला असेल तर निम्मा. घरच्यांच्या वापराचा वाटा प्रामाणिकपणे वजा करा. जीएसटीची नोंदणी असेल तर बिलावर आपला जीएसटी नंबर घालून घ्या; खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं जे क्रेडिट मिळतं, त्यालाही वाट्याचा हाच नियम आहे. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत (उलाढालीचा ठरावीक हिस्सा उत्पन्न धरतात ती) रिटर्न भरणाऱ्यांना घसारा वेगळा मागता येत नाही, तो त्यातच धरलेला असतो.

नवीन घेतला, जुना मुलाला दिला. डेटा डिलीट केला की झालं ना?

नाही झालं. डिलीट केल्यावर फाइलचं फक्त नाव पुसलं जातं, मजकूर जुन्या हार्ड डिस्कवर बराच काळ पडून असतो आणि साध्या प्रोग्रामने परत काढता येतो. आपल्या मशीनमध्ये शेतकऱ्यांचे खाते नंबर असतात, व्यापाऱ्यांचे दर असतात. ते आपल्या भरवशावर दिलेले आहेत. आधी नवीन मशीनवर सगळा डेटा उघडून तपासा. मग जुन्यावर सेटिंग्जमधून ‘रीसेट धिस पीसी’ घ्या, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा आणि पुढे ‘क्लीन डेटा’ चालू करा. जुनी हार्ड डिस्क असेल तर कित्येक तास लागतात, रात्रभर लावून ठेवा, यूपीएसवर. मशीन घराबाहेर विकायचं असेल तर मी डिस्क काढूनच घेते. गेल्या दोन मशीनच्या डिस्क कपाटात, मोडक्या घड्याळांच्या डब्यात आहेत.